शालिकने ट्रक डावीकडे का घेतला

माइक हातात आला की मी कुणाला भीत नाही. मंत्र्याच्या तोंडावर त्याचं नाव घेऊन बोललोय. पत्रकाच्या खाली माझं नाव ठळक टाइपात असतं. हा पोरगा पोटात काही ठेवत नाही, असं वस्तीतले म्हातारे माझ्याबद्दल कौतुकानं म्हणतात.

ठेवतो. एक गोष्ट ठेवलीय. ती कुठल्या सभेत आली नाही, कुठल्या पत्रकात छापली नाही. ज्या मित्रांच्या खांद्याला खांदा लावून लाठ्या खाल्ल्या त्यांना माहीत नाही, आईला माहीत नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि बघा, अजून सांगितलेली नाहीच. आधी रस्त्याबद्दल बोलतो. रस्त्याबद्दल मला नेहमी नीट बोलता येतं.

कामठी रोड तेव्हा नुकताच रुंद झाला होता. मध्ये डिव्हायडर, आणि प्रत्येक अंगाला दोन मोठ्या गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढी जागा. आम्हाला वाटलं, झालं, आता सुटलो. सुटले कोण? ट्रकवाले! कन्हानच्या पात्रातून रेती भरून निघायचं आणि नागपूरपर्यंत एकमेकांशी शर्यत लावायची. एक ट्रक डाव्या पट्ट्यात, दुसरा उजव्या पट्ट्यात, दोघंही हटायला तयार नाहीत. मागे बस अडकलेली, बसच्या मागे दवाखान्याची गाडी भोंगा वाजवतेय आणि भोंग्याला विचारतंय कोण? आमची वस्ती या रस्त्याच्या कडेला. रोज बघायचो. रोज रक्त तापायचं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं पाच-सहा जणांचं मंडळ होतं, आणि मंडळाचा लिहिणारा हात माझा. मी पत्रक लिहिलं — ‘रस्ता काय ट्रकमालकाच्या बापाचा?’ मागणी एकच: जड ट्रक फक्त डाव्या पट्ट्यातून चालतील. उजवा पट्टा बस, मोटारी आणि दवाखान्याच्या गाडीसाठी मोकळा. बस्स. लहान पोरालाही पाठ होईल अशी मागणी.

या मागणीत सायकल नव्हती.

डाव्या कडेनं सायकली चालायच्या. कामठीचे लूमवर कापड विणणारे कामगार, कापडाचे गठ्ठे कॅरिअरला बांधून नागपूरला पोचवणारे लोक — आमच्याच वस्तीतल्यांचे बाप, भाऊ, मेहुणे. ते आम्हाला दिसत नव्हते असं नाही. पण मागणी एका ओळीत बसली पाहिजे हे आम्ही शिकलो होतो, आणि त्या ओळीत सायकल बसत नव्हती. सुनंदानं विचारलं होतं. सुनंदा आमच्या मंडळातली एकटी मुलगी, शिवणकाम करून शिकणारी. बैठकीत ती म्हणाली, “अन् सायकलवाल्याइचं काय रे? थे कुठी जातीन? नालीत?”

मी म्हणालो, “त्यावर दुसरं पत्रक काढू.”

सगळे हसले. तीही हसली. दुसरं पत्रक आम्ही काढलं नाही.

पण हा माझा गुन्हा नाही. म्हणजे आहे, पण त्यात पाच-सहा जणांचा वाटा आहे, आणि वाटून घेतलेला गुन्हा माणूस सहज पचवतो. मी ज्याबद्दल बोलायला बसलोय तो माझा एकट्याचा आहे.

आम्ही मोर्चे काढले, धरणं धरलं आणि शेवटी वाहतूक पोलिसांच्या साहेबांनी चाचणी मंजूर केली. महिनाभर नियम लावून बघू. पाट्या आम्ही लावू, म्हणाले, ट्रकवाल्यांना समजवायचं काम तुमची पोरं करतील. ट्रकवाल्यांनी पाळलं तर नियम कायम, नाहीतर विसरा. म्हणजे नियम जगणार की मरणार हे आमच्यावर होतं. आम्ही डिव्हायडरवर उभे राहायला लागलो. हातात लाल झेंड्या. सुनंदानं त्या आईच्या जुन्या परकराच्या शिवल्या होत्या. उजव्या पट्ट्यात ट्रक दिसला की झेंडी वर करायची आणि त्याला डावीकडे हाकायचं. ड्रायव्हर काचेतून डोकं काढून ओरडायचे, “ओ टेसन मास्तर, पॅसेंजर आली का गा?” पुढे गेल्यावर शिव्या. आणि पुन्हा उजवीकडेच.

मग मला शपथेची कल्पना सुचली.

आमच्या वडिलांच्या पिढीनं छप्पन साली दीक्षाभूमीवर उभं राहून प्रतिज्ञा घेतल्या. माझ्या बापानं त्या दिवशी जे सोडलं ते सोडलं. घरातल्या देवांना परत हात लावला नाही, दारूच्या गुत्त्याकडे परत बघितलं नाही. आमच्याकडे शपथ ही नुसती बोलायची गोष्ट नाही. मला वाटलं, पोलिसाचा दंड जे करत नाही ते शपथ करेल. कामठीच्या नाक्यावर चहाच्या टपरीजवळ मी ड्रायव्हरांना गोळा केलं, चहा पाजला, हात वर करायला लावले आणि म्हणवून घेतलं — मी ट्रक डाव्या पट्ट्यातूनच चालवीन. सगळ्यांनी म्हटलं. चहा संपला. निघाले, आणि वाटेत पुन्हा शर्यत.

शालिक सोडून.

शालिक कुहीकडचा. घरची धानाची थोडी शेती होती, ती भाऊ बघायचा. हा कामठीत खोली घेऊन राहायचा आणि रेतीचा ट्रक चालवायचा. वय माझ्याएवढंच. त्याच्याही घरी दीक्षा झालेली. शपथ घेतली त्या दिवसापासून त्यानं उजवा पट्टा सोडला. डाव्या कडेनं, पुढे बैलगाडी असली तर बैलगाडीच्या मागे, सायकली असल्या तर सायकलींच्या मागे. दिवसाची एक खेप त्यामुळे कमी पडायची आणि मालक ओरडायचा. बाकीचे ड्रायव्हर टपरीवर त्याला सोडत नसत.

“काय बे शालिक, नवरी बसवून आणून राहिला का? इतका हळू?”

“शपथ घेतली ना बे. तू बी घेतली होती. चहा पेला अन् इसरला.”

“अबे, चहा तर फुकटचा होता!”

“म्हणूनच तर इसरला.”

मला तो ‘पुढारी’ म्हणायचा. जाताना डिव्हायडरशी वेग कमी करून ओरडायचा, “काय पुढारी, आज भाषण नाही का?” मी झेंडी खाली ठेवून त्याला सलाम ठोकायचो. सगळ्या रस्त्यावर माझं पत्रक खरं मानणारा तो एकच माणूस होता. आम्ही त्याचं नाव भाषणात घ्यायचो. बघा, एक ड्रायव्हर पाळू शकतो तर बाकीचे का नाही?

आता ती सकाळ.

थंडीचे दिवस होते, ऊन स्वच्छ पडलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. धुकं नव्हतं, अंधार नव्हता, मला सगळं दिसत होतं. त्या दिवशी साहेब स्वतः जीपमधून बघायला येणार होते. नियम पाळला जातोय की नाही, ते बघूनच ठरणार होतं. बाकीची पोरं आणि सुनंदा रस्त्यापलीकडे टपरीवर गेली होती. डिव्हायडरवर मी एकटा.

कामठीकडून शालिकचा ट्रक आला. ओल्या रेतीनं भरलेला, डाव्या पट्ट्यात. त्याच्यापुढे डाव्याच पट्ट्यात एक सायकल. कॅरिअरवर कापडाचा मोठा गठ्ठा, त्याच्या वजनानं सायकल डुलत होती. शालिक तिच्या मागे मागे बराच वेळ आला. मग त्यानं आरशात बघितलं, हात बाहेर काढला आणि ट्रक उजवीकडे घेतला — सायकल ओलांडण्यापुरता. कुणीही शहाणा माणूस घेईल तसा.

मला सायकल दिसली होती का?

हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय, आणि दर वेळी एक पायरी खाली येऊन उत्तर दिलंय. आधी — नाही दिसली. मग — दिसली असेल, लक्ष नव्हतं. आता खरं सांगतो. दिसली होती. सायकलवाला दिसला, गठ्ठा दिसला, गठ्ठ्याला बांधलेली सुतळीसुद्धा दिसली. पण माझ्या डोक्यात सायकल नव्हती. माझ्या डोक्यात जीप होती. आजच? आणि शालिक? ज्याचं नाव भाषणात घेतो तो शालिक साहेबांसमोर उजव्या पट्ट्यात?

मी झेंडी वर केली. नुसती वर केली नाही. डिव्हायडरवरून खाली रस्त्यात उतरलो, झेंडी जोरजोरात हलवली आणि ओरडलो, “शालिक! डावीकडे! डावीकडे घे!”

त्यानं माझ्याकडे बघितलं. दुसरा कुणी असता तर शिवी देऊन पुढे गेला असता. ट्रकचं तोंड सायकलच्या पुढे गेलं होतं, मागचं धूड अजून सायकलच्या बाजूला होतं. पण समोर रस्त्यात मी, माझ्या हातात लाल झेंडी, आणि त्याची शपथ. त्यानं स्टेअरिंग डावीकडे फिरवलं.

त्या माणसाचं नाव दौलत होतं. लूमवर काम करायचा. जागेवरच गेला.

त्यानंतर मी पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? झेंडी काठीवरून ओढून काढली, घडी करून खांद्यावरच्या शबनम पिशवीत कोंबली आणि काठी गवतात फेकली. दौलतकडे धावलो ते त्यानंतर. आधी झेंडी, मग माणूस. ही घाई मला कुणी शिकवली? हात आपोआप चालले. म्हणजे माझ्या हातांना तेव्हाच माहीत होतं, मी काय बोलणार आहे ते.

अपघात झाला की ड्रायव्हर पळतो. शालिक पळाला नाही. तो दौलतचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. लोक जमले आणि त्यांनी शालिकला तसंच उचलून मारलं. मी मध्ये पडलो, ‘कायदा हातात घेऊ नका’ म्हणून ओरडलो. लोकांनी ऐकलं. मला मान होता ना!

चौकीत जमादारानं मला खुर्ची दिली. शालिक भिंतीशी खाली बसलेला, शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. अपघात बघणारा मी एकटाच होतो. जमादारानं विचारलं, काय पाहिलं? मी सांगितलं — ट्रक डाव्या पट्ट्यातून उजव्यात गेला आणि मग एकदम डावीकडे आला.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. इथेच थांबता आलं असतं तर मी आजही स्वतःला खरं बोलणारा म्हणवून घेतलं असतं. पण शालिकनं मान वर केली.

“याइनं झेंडी दाखोली साहेब. म्हणून घेतला मी डाव्या अंगाले. सांग ना गा पुढारी. तू तं होता ना तिथं.”

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. एवढंच, की हा सांगेल आणि प्रश्न मिटेल. त्याला माझा भरवसा होता.

जमादार माझ्याकडे वळला. “काय हो? दाखवली होती झेंडी?”

माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय होतं ते सांगू शकतो. चळवळ होती, चाचणी होती, उद्याच्या पेपरात काय येईल ते होतं — नियम मोडल्यानं माणूस मेला असं येणं वेगळं, आणि नियम राबवणाऱ्या पोरानं माणूस मारला असं येणं वेगळं. पण हे सगळं मी नंतर रचलं. तेव्हा खरं तर एकच होतं. मला त्या भिंतीशी बसायचं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “माझ्या हातात झेंडी नव्हती.”

शबनम माझ्या मांडीवर होती.

शालिक ओरडला नाही, शिवी दिली नाही. माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. वर्गात मास्तरांनी आपलं बरोबर उत्तर चूक ठरवल्यावर पोरगं बघतं तसं. माझंच काही चुकलं का, असं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं. ‘नियम मोडणाऱ्यानं घेतला कामगाराचा बळी!’ माझं सर्वांत गाजलेलं पत्रक. लोक वाचून रडले. नियम कायम झाला. वस्तीत नीळ उधळली, मला खांद्यावर घेतलं. दौलतच्या घरी सांत्वनाला गेलो तेव्हा त्याची बायको आतून उठून आली आणि माझ्या पायाशी वाकायला लागली. मी तिला धरलं. ती म्हणाली, “हे होते म्हणून समजलं वं बाई कसं झालं थे. नाही तं आमचं कोण ऐकते?” ती बाजूला बसलेल्या बाईला सांगत होती आणि बघत माझ्याकडे होती. मी तिच्या घरचं पाणी प्यालो.

शालिकला शिक्षा झाली. कोर्टातही मी तेच सांगितलं. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला काही लागत नाही — हे मला कुणी आधी का सांगितलं नव्हतं?

सुनंदानं एकदाच विषय काढला. सगळ्यांकडून झेंड्या गोळा करत होती. म्हणाली, “तुही कुठी हाय?”

“गर्दीत हरवली.”

“काठी तं सापडली मले गवतात. नुसती काठी.”

मी उरलेल्या झेंड्यांची घडी घालू लागलो. पुढच्या बैठकीला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लोक म्हणाले, बायकांचं असंच असतं, लग्न जमत असेल. मीही मान हलवली. तेवढा हलकटपणाही माझ्या नावावर लिहा.

संध्याकाळी विहारात वंदना होते. मी पुढे बसतो आणि माझ्यामागे पोरं म्हणतात. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते तोंडातून बाहेर पडतं, अडखळत नाही, आवाज कापत नाही. मला वाटायचं, एक दिवस कापेल. नाही कापला. माणूस बाहेरून इतका धडधाकट राहू शकतो याचीच मला रात्रंदिवस भीती वाटते.

रस्त्यावर जाणं मात्र टाळतो. आता ट्रक डाव्या पट्ट्यात चालतात — बरेचसे. पाट्या आहेत. आणि सायकली त्याच पट्ट्यात, ट्रकच्या चाकांशी. दौलत पहिला होता. शेवटचा नव्हता. कुणी गेल्याचं कानावर आलं की मी विचारत नाही, कोण, कुठला. बसमध्ये बसलो तर खिडकीकडे पाठ करून बसतो. तरी कापडाचा गठ्ठा डोळ्यांच्या कडेला डुलत राहतो. बाजूला बघितलं की तिथे काही नसतं.

मागच्या वर्षी कुहीला सभा होती. सभा संपल्यावर मी शालिकचं गाव विचारत गेलो. सांगायलाच गेलो होतो — खरंच सांगतो, त्यासाठीच गेलो होतो. सुटून आल्यावर तो गावीच राहिला होता. लायसन गेलं होतं. भावाच्या बांधीत धान कापायचं काम करत होता. मला बघितल्यावर हातातला विळा खाली ठेवून धावत आला.

“पुढारी! तू काहून आला गा इतक्या दूर?”

त्यानं खाटेवर गोधडी टाकली, भावजयीला चहा ठेवायला लावला. आजूबाजूच्या पोरांना सांगितलं, हे नागपूरचे मोठे पुढारी, माह्या ओळखीचे हायेत. मी खाटेच्या काठावर बसलो. वाक्य तयार होतं. वाटेत बसमध्ये घोटून पाठ केलं होतं. मी म्हणालो, “शालिक, त्या दिवशी —”

त्यानं हात वर करून मला थांबवलं.

“नको काढू गा थे. मी लय इचार केला तिथं बसून. आधी मले असंच वाटे का तू झेंडी दाखोली. डोयापुढं दिसे — लाल, अशी हालून राहिली. मंग म्हटलं, नाही. पुढारी काहून खोटं बोलन? त्याले माह्याशी काय दुश्मनी हाय? मीच घाबरलो असन. मीच वळवला असन अन् मंग मनानं झेंडी उभी केली. माणूस आपली चूक दुसऱ्यावर टाकते ना गा.” त्यानं डोळ्यांपुढून हात फिरवला. “आता तं मले झेंडी दिसत बी नाही.”

भावजयीनं चहा आणून दिला.

मी म्हणू शकलो असतो. एकच वाक्य होतं. आजूबाजूला दोन-चार पोरं, एक म्हातारी, बांधावर बांधलेले बैल. पोलीस नव्हता, जमादार नव्हता, चळवळ नव्हती, जीप नव्हती. भिंत नव्हती.

मी म्हणालो, “जाऊ दे शालिक. झालं ते झालं.”

म्हणजे मी त्याला माफ केलं. हे मी केलं! त्यानं माझे दोन्ही हात धरले, त्याचे डोळे भरून आले, आणि तो मला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता.

हे मी तुम्हाला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.